डीपी (शहराचा विकास आराखडा) न बघता कामाला मंजुरी देताय? या चुका टाळा

मार्च जवळ आला की दरवर्षी तीच घाई. निधी परत जाईल म्हणून मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर सगळं धडाधड होतं आणि नगररचनेला पत्र जातं खोदाई सुरू झाल्यावर. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा आहे, त्याचं कलम ५८ साफ सांगतं की सरकारी खात्यानेसुद्धा काम सुरू करायच्या किमान ३० दिवस आधी नियोजन प्राधिकरणाला (त्या भागाचं नियोजन बघणारी संस्था, जसं नगरपालिका) नकाशासकट लेखी कळवायचं. आपलंच सरकारी काम, विचारायचं कशाला, हे डोक्यातून काढा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे नुसता सातबारा बघून जागा फायनल करणं. पाण्याच्या टाकीचं एक काम माझ्याकडे अर्ध्यात आलं, जागा सरकारी, मोकळी, सातबारा क्लीन. फुटिंगचे (पायाचे) खड्डे झालेले, सळ्या बांधून तयार, आणि मोजणीवाल्यांनी डीपी रोडची हद्द चुन्याने आखली तर ती रेघ थेट दोन खड्ड्यांतून गेली. १८ मीटरचा रस्ता, पण जागेवर नुसतं गवत, त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. सातबाऱ्यावर मालक कळतो हो, तिथे उद्या रस्ता आहे की शाळेचं आरक्षण, ते भाग नकाशावरच (डीपीचा त्या जागेपुरता नकाशा) दिसतं. मग टाकी सरकवली, पाइपलाइनची लांबी बदलली, सुधारित एस्टिमेट, परत मान्यता, आणि त्या वस्तीने अख्खा उन्हाळा टँकरवर काढला. मला याचा अजून राग येतो.

तेव्हापासून मी झोन दाखला (जागा डीपीत कोणत्या वापराच्या झोनमध्ये आहे त्याचा दाखला) आणि भाग नकाशा हातात आल्याशिवाय एस्टिमेटला बसतच नाही. गटाची हद्द आणि कामाची आखणी एकाच स्केलवर त्या नकाशावर स्वतः काढतो, ज्युनियरवर सोडत नाही.

पत्र कोणाला द्यायचं ते आधी बघा. अधिसूचित औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसीच विशेष नियोजन प्राधिकरण असतं, तिथे नगरपालिकेच्या पत्राचा उपयोग नाही.

फोनवर बोलणं झालंय, हे चालत नाही. आवक नंबरची पोच घ्या.

प्राधिकरणाची हरकत आली तर फाइल दाबून काम रेटणारे खूप बघितलेत. कायद्यात दोनच वाटा आहेत, कामाच्या प्लॅनमध्ये बदल करा नाहीतर हरकतीसकट प्रस्ताव शासनाकडे पाठवा.

आणि नवीन लाइनला "दुरुस्ती" म्हणू नका. कलम ४३ मध्ये पाइप-गटारांसाठी परवानगीतून जी सूट आहे ती असलेले तपासायला, दुरुस्त करायला, बदलायला आहे, मोकळ्या रानातून नवीन टाकायला नाही.