आईची एफडी आणि घटस्फोटाचा अर्ज

घटस्फोट झाला की नवऱ्याच्या मालमत्तेतला निम्मा वाटा बायकोला मिळतो, असं अनेकांना वाटतं. हिंदू विवाह कायद्यात अशी सरसकट वाटणी नाही. वारसा ज्याला मिळाला, त्याचाच राहतो. पोटगी ठरवताना मात्र तो मोजला जातो. गफलत होते ती इथेच.

१. पैसा कुठल्या वाटेनं आला, ते आधी बघा.
आपण सगळ्यालाच ‘वडिलोपार्जित’ म्हणून टाकतो. वडिलांनी स्वतः कमावलेला फ्लॅट त्यांच्या पश्चात मुलाला मिळाला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार तो मुलाचा स्वतंत्र. एकत्र कुटुंबाच्या शेतातला हिस्सा ही निराळी गोष्ट. मृत्युपत्र, वारस दाखला, फेरफार, भावंडांची हक्कसोडपत्रं एका फाइलीत लावा. आणि हो, बँकेत नॉमिनी असलात म्हणून पैसे तुमचे होत नाहीत. नॉमिनी ते वारसांसाठी घेतो.

२. हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा.
समजा, आईची १८ लाखांची एफडी मुलीला मिळाली. तिनं ती नवऱ्याबरोबरच्या जॉइंट खात्यात टाकली. त्यातून १२ लाख गृहकर्जात भरले, उरलेल्यात गाडी आली, मुलाची फी गेली. फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर. सहा वर्षांनी कुटुंब न्यायालयात ती म्हणते, “त्या घरात माझ्या आईचे पैसे आहेत.” आहेतच. पण एफडी मोडल्याची पावती, खात्यातली जमा आणि कर्जखात्यातला भरणा, या तीन तारखा एकापुढे एक लागल्या तरच बोलण्याला वजन येतं. मधलं एक स्टेटमेंट हरवलं, की समोरचा वकील म्हणणार, “ते तर घरखर्चाला दिले होते.” बँका जुन्या नोंदी कायम ठेवत नाहीत, तेव्हा स्टेटमेंटं आजच काढून घ्या.

३. लपवाछपवी नको.
पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये त्याचा नमुनाच घालून दिला. एफडीचं व्याज, वारशातल्या घराचं भाडं हे उत्पन्नच. देणाऱ्याकडे ते असेल तर पोटगी वाढू शकते, मागणाऱ्याकडे असेल तर कमी होऊ शकते.

४. संमतीनं वेगळे होत असाल तर कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात देण्याच्या लेखी तडजोडीत, स्पष्ट लिहा.
‘कुणाचा कशावर हक्क नाही’ एवढ्यावर भागवू नका. खाते क्रमांक, एफडी, गट नंबर घाला.

गोव्यात मात्र यातलं बरंच उलटं. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत आहे: वेगळा करार नसेल तर लग्नानंतर दोघांची मालमत्ता सामायिक होते आणि वारशाचा पैसाही सहसा त्यातच जातो. त्यामुळे गोव्यातल्या जोडप्यानं पासबुकाच्या आधी, लग्नापूर्वी तसा करार नोंदवला होता का, ते शोधायचं.