बिनपगारी नोकरी, बिनभाड्याची जागा

आमच्या ह्यांनी छत्तीस वर्षं पुलांची डिझाइनं केली. निवृत्तीनंतर अमेरिकन सरकारच्या एका अभयारण्यात त्यांना मिळालेलं पहिलं काम म्हणजे बारा मैलांच्या लूप रोडवरच्या संडासांमध्ये टॉयलेट पेपर भरणं. मी त्या दिवशी व्हिजिटर सेंटरच्या काउंटरमागे उभं राहून अठरा जणांना एकच उत्तर दिलं, ‘करकोचे आत्ता शेतात चरताहेत, साडेचारला तळ्यावर या.’ हे सगळ्यात आधी सांगते, कारण आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन अभयारण्यात राहायचं म्हणून मला फोन करणाऱ्या बहुतेक मराठी मंडळींच्या डोक्यात गळ्यात दुर्बीण, हातात चहा असं काहीतरी असतं. चहा मिळतो. दुर्बीण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी.

आम्ही होतो न्यू मेक्सिकोतल्या बोस्के देल अपाचेला. स्पॅनिशमध्ये ‘अपाचेंचं रान’. रिओ ग्रांदे नदीकाठचं हे रिफ्यूज, म्हणजे वन्यजीव अभयारण्य, १९३९ साली झालं. असे पाचशे साठहून अधिक रिफ्यूज या देशात आहेत, पहिला फ्लोरिडातला पेलिकन आयलंड, १९०३ सालचा. ते सगळे फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या ताब्यात. नॅशनल पार्कशी यांची गल्लत करू नका. पार्कात माणसांच्या सोयीलाही मान असतो, रिफ्यूजमध्ये पहिला हक्क प्राण्यापक्ष्यांचा आणि आपण पाहुणे. कर्मचारी मोजके, काम भरपूर. म्हणून जे स्वतःचं घर चाकांवर घेऊन येतात त्यांना आरव्ही उभी करायला जागा, वीज, पाणी आणि मैलापाण्याची लाइन फुकट मिळते. बदल्यात साधारण तीन महिने राहायचं आणि आठवड्याला चोवीस ते बत्तीस तास काम करायचं.

हे तास माणशी की जोडप्याचे मिळून, हा प्रश्न आम्ही पहिल्या ठिकाणी विचारला नाही. ते ठिकाण वेगळं, नाव लिहीत नाही. जाहिरातीत ‘बत्तीस तास’ होतं, आम्ही दोघांत सोळा-सोळा असं गृहीत धरलं. तिथे गेल्यावर कळलं की प्रत्येकी बत्तीस. शिवाय ‘हुकअप’ म्हणजे वीज आणि पाणी, मैलापाण्याची लाइन नाही. दर पाचव्या दिवशी ट्रेलर जोडून, सगळं आवरून, टाकी रिकामी करायला अर्धा तास दूर जायचं. सातव्या आठवड्यात ह्यांची पाठ धरली आणि आम्ही माफी मागून निघालो. चूक त्यांची अर्धी, आमची अर्धी. पुढच्या मुलाखतीला मी वही घेऊन बसले.

मुलाखत फोनवर होते. व्हॉलंटिअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर जागा दिसतात, अर्ज तिथेच भरायचा. पण नुसता अर्ज टाकून वाट पाहू नका. ज्या रिफ्यूजमध्ये जायचंय तिथे थेट फोन करून स्वयंसेवकांचं काम कोण बघतं ते विचारा आणि त्या व्यक्तीशी बोला. हिवाळ्यात उबदार राज्यांतल्या जागांवर सगळ्या देशातल्या निवृत्तांचा डोळा असतो, त्या सहा महिने ते वर्षभर आधी जातात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी कोणाला नको असलेला हंगाम धरावा, म्हणजे वाळवंटातला उन्हाळा किंवा उत्तरेतला वसंत. एका जागेचं चांगलं शिफारसपत्र मिळालं की पुढचे दरवाजे उघडतात.

माझ्या वहीतले प्रश्न असे होते. तास माणशी किती? सलग दिवस लावणार का, म्हणजे उरलेल्या तीन-चार दिवसांत भटकता येईल? वीज तीस अँपिअर की पन्नास? जागेची लांबी किती फूट? कपडे धुवायचं मशीन आहे का? मोबाइलची रेंज? सर्वांत जवळचं इस्पितळ किती मैल? आणि शेवटचा, ‘गेल्या हंगामात तुमच्याकडे आलेल्या एखाद्या जोडप्याशी बोलता येईल का?’ या शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस कसा उत्तर देतो, त्यावरून मला निम्मं कळतं.

नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांना अडचण येत नाही. मुलांकडे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांनी मात्र यात पडू नये. मोबदल्यात जागा घेऊन काम करणं त्या व्हिसावर अंगाशी येऊ शकतं. करारावर सही केली की कामावर दुखापत झाल्यास सरकारी कर्मचाऱ्यासारखं संरक्षण मिळतं, पण फक्त नेमून दिलेल्या कामासाठी. म्हणून ‘जरा तेवढं झाडही तोडून टाकतो’ असला उत्साह करायचा नाही. सरकारी गाडी चालवायची तर आधी सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स. अडीचशे तास भरले की वर्षभराचा पास मिळतो, नॅशनल पार्कांत प्रवेश मोफत. बासष्ट पूर्ण असतील तर तसाही ज्येष्ठांचा आजन्म पास ऐंशी डॉलरला मिळतो, आमच्याकडे दोन्ही आहेत आणि ह्यांना त्याचा फार अभिमान.

मेडिकेअरचं, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचं, आधी बघा. मूळ मेडिकेअर देशभर चालतं, पण खासगी कंपन्यांमार्फत मिळणारा त्याचा ॲडव्हांटेज प्लॅन बहुधा तुमच्या गावाकडच्या डॉक्टरांच्या यादीला बांधलेला असतो. न्यू जर्सीची यादी न्यू मेक्सिकोत काय कामाची?

आता गाडी. आमचा सव्वीस फुटी ट्रेलर आहे आणि तो ओढायला पिकअप. एक लाख डॉलरची बसएवढी मोटरहोम घेऊन ‘आता बघू’ म्हणणारी मंडळी मी पाहिलीत, सहा महिन्यांत विकतात. आधी दोन आठवडे भाड्याने घ्या, तेही थंडीत. दोनशे चौरस फुटांत नवराबायको पावसाच्या दिवशी दिवसभर आत बसले की चाळीस वर्षांचा संसार एकदम अरुंद वाटतो. आमचा नियम असा की एक जण टेबलाशी असेल तर दुसऱ्याने पलंगावर जायचं, बोलायचं असेल तर बाहेर खुर्च्यांत.

स्वयंपाकाबद्दल कोणी सांगत नाही म्हणून मीच सांगते. तीस अँपिअर गुणिले एकशे वीस व्होल्ट म्हणजे छत्तीसशे वॅट, घरभर मिळून तेवढेच. खोलीचा हीटर पंधराशे खातो, इंडक्शन अठराशे. या दोघांवर ह्यांनी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं की फट्, अंधार. पहिल्या आठवड्यात चार वेळा झालं. मग भात कुकरमध्ये गॅसवर आणि फोडणी बाहेरच. फोडणी आत कधीच करू नका. हिंग-मोहरीचा वास गादीत, पडद्यात, आणि दुसऱ्या दिवशी युनिफॉर्मच्या टोपीत. बाहेरच्या टेबलावर छोटी गॅसशेगडी ठेवली, शेजारचं मिनेसोटाचं जोडपं वासाने आलं आणि मसुराच्या आमटीची ताटली घेऊन गेलं. कुकरच्या पहिल्या शिट्टीला मात्र त्यातला नवरा बिचारा गॅसचा सिलिंडर फुटला म्हणून धावत आला होता.

किराणा वीस मैलांवर सोकोरोत. आपला किराणा अल्बुकर्कीत, दीड तास. गहू-डाळी महिन्याच्या भरायच्या. हॅच गावच्या हिरव्या मिरच्या मात्र जागोजागी मिळतात, त्यांचा ठेचा उत्तम होतो.

आणि पाइप. तिथली उंची साडेचार हजार फूट, दुपारी उन्हात स्वेटर काढावा आणि पहाटे बादलीत बर्फ. आम्ही साधा पाण्याचा पाइप नळाला लावून झोपलो. पहाटे पाचला उठून बघते तर पाइप काठीसारखा कडक. ह्यांनी तो वाकवायचा प्रयत्न केला, तडकला. शून्याखाली तापमान जाईल अशा ठिकाणी आतून वायरने गरम होणारा पाइप घ्यायचा, किंवा रात्री टाकी भरून पाइप काढून ठेवायचा. वाचलेलं होतं सगळं. तरी एक पाइप गेलाच.

काउंटरवरच्या कामाला इंग्रजीपेक्षा संयम जास्त लागतो. न्यू मेक्सिकोत ‘इंडियन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी तिथले मूळ रहिवासी, प्वेब्लो किंवा नावाहो लोक येतात. एका बाईंनी मला ‘तुम्ही कुठल्या?’ विचारलं, मी ‘पुण्याची’ म्हटलं, तर त्या नकाशात पुणे नावाचा प्वेब्लो, म्हणजे त्या लोकांचं गाव, शोधायला लागल्या. पक्षीतज्ज्ञ असायची गरज नाही. मला गावाकडचा कांड्या करकोचा आणि गोंदियाचा सारस एवढंच भांडवल होतं. शिकवतात. सँडहिल क्रेन म्हणजे इथले करकोचे. त्यांचं पिल्लू त्याच वर्षीचं असेल तर त्याच्या कपाळावर लाल पट्टा नसतो, आणि मोठ्यांच्या घोगऱ्या खडखडाटात त्याची शिट्टीसारखी बारीक हाक वेगळी ऐकू येते. हे एकदा कानाला कळलं की संध्याकाळी हजारो पक्षी उतरताना, पाय खाली सोडून, पंख थोपवून, तुम्ही आपोआप आईबाप आणि मधलं पिल्लू असं तिघांचं कुटुंब शोधायला लागता. ते उथळ पाण्यात उभं राहून झोपतात, कोल्ह्यासारखा कोयोटी आला तर पाण्याचा आवाज व्हावा म्हणून.

हे तळं आपोआप भरत नाही. कालव्यांतून पाणी सोडायचं, उन्हाळ्यात सुकवायचं, तळाशी बियांचं गवत वाढू द्यायचं, पुन्हा भरायचं. पक्ष्यांसाठी मका लावायचा आणि हिवाळ्यात थोडाथोडा आडवा पाडायचा, म्हणजे दाणे जमिनीवर येतात. हे सगळं कर्मचारी करतात, आमचे हे मागून कुंपणाची तार ओढत. पण रोज पाण्याची पातळी विचारायला जायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांना पाण्याच्या दरवाज्यांचा नकाशा दाखवला गेला, तेव्हा टॉयलेट पेपरचा राग गेला.

काउंटरवर वारंवार सांगावी लागणारी एक गोष्ट मला कधी कंटाळा आणत नसे. पांढरे हूपिंग क्रेन १९४१ च्या सुमारास वीस-बावीस उरले होते. १९७५ मध्ये त्यांची अंडी आयडाहोत सँडहिल क्रेनच्या घरट्यांत ठेवली. पिल्लं वाढली, पाळक आईबापांमागे हिवाळ्यात इथे बोस्केला आलीही. पण मोठी झाल्यावर त्यांना आपल्या जातीचा जोडीदार ओळखूच येईना, ती सँडहिलांकडेच बघत राहायची. प्रयोग थांबवावा लागला. एकदा हे सांगताना समोर एक देशी जोडपं होतं, सोबत कॉलेजातला मुलगा. तिघंही एकमेकांकडे न बघता गंभीरपणे फलक वाचायला लागले.

फेब्रुवारीत करकोचे जातात. ऊन तापलं की गिरक्या घेत वर चढतात, ठिपके होतात आणि उत्तरेला सरकतात. दोन आठवड्यांत शेतं रिकामी. आमचा करार संपायला चार दिवस होते, तेव्हा काउंटरवर एका गृहस्थांनी विचारलं, ‘पक्षी कुठे गेले?’ मी म्हटलं, ‘कोलोराडोत, सॅन लुईस खोऱ्यात. तिथेही रिफ्यूज आहे.’ ते ऐकून ह्यांनी त्याच संध्याकाळी संकेतस्थळ उघडलं. खोऱ्याची उंची साडेसात हजार फूट. मी आधी गरम पाइपची वायर तपासली.