घरोघरचं रक्तदाब सर्वेक्षण कसं करावं: कोल्हापूर जिल्ह्यासाठी

वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी पीजी विद्यार्थ्यांना घेऊन करण्याजोगा आणि जिल्ह्याच्या खरोखर कामी येणारा अभ्यास म्हणजे घरोघर जाऊन केलेलं रक्तदाबाचं सर्वेक्षण. ओपीडीच्या रजिस्टरवरून जिल्ह्याचं प्रमाण काढता येत नाही, कारण सीपीआरच्या (कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या) रांगेत उभा राहतो तो आधीच काहीतरी त्रास होत असलेला माणूस. गावात मात्र जपून काम करावं लागतं. अशा सर्वेक्षणातल्या बहुतेक चुका उंबऱ्यावर होतात आणि पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने त्या निस्तरत नाहीत.

कागदावरची तयारी

प्रश्न एका वाक्यात लिहा: जिल्ह्यातल्या 18 वर्षांवरील किती टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे आणि त्यातल्या किती जणांना ते ठाऊक आहे? ‘वाढलेला’ म्हणजे वरचा आकडा 140 किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा 90 किंवा त्याहून जास्त, किंवा बीपीची गोळी चालू. ही व्याख्या प्रोटोकॉलमध्ये पहिल्या दिवशीच लिहून टाका. माहिती हातात आल्यावर व्याख्या ठरवायला बसलात, तर आकडा बघून ती इकडेतिकडे सरकवण्याचा मोह होतोच.

नमुन्याचा आकार असा निघतो. प्रमाण अंदाजे 30 टक्के आणि चूक 5 टक्क्यांपर्यंत चालेल असं धरलं, तर 1.96 चा वर्ग × 0.30 × 0.70 ÷ 0.05 चा वर्ग, म्हणजे 323 माणसं (1.96 हा 95 टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा). एकाच गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून समूह पद्धतीसाठी (काही गावं-प्रभाग निवडून प्रत्येकातून ठरावीक माणसं घेण्यासाठी) हा आकडा दीडपट करा: 485. दहा टक्के लोक भेटणार नाहीत असं धरून 0.9 ने भागा: 539. म्हणजे 30 समूह, प्रत्येकात 18 माणसं, एकूण 540.

एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मंजुरी काम सुरू होण्याआधी लागते. मागाहून मिळत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माहितीपत्रक आणि संमतीपत्र लोकांच्या भाषेत हवं. आपल्याकडे फक्त मराठी प्रत पुरत नाही. गडहिंग्लज आणि शिरोळच्या सीमेलगतच्या गावांसाठी कन्नड प्रत करा, इचलकरंजीच्या यंत्रमाग वस्त्यांसाठी हिंदी. अंगठा घेतला तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही हवी. ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला आणि शहरासाठी महापालिकेला पत्र द्या.

गावं आणि घरं निवडणं

2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 38,76,001 आहे. तिला 30 ने भागलं की 1,29,200 हे अंतर मिळतं. सगळी गावं आणि शहरांतले प्रभाग एका यादीत घ्या आणि पुढे लोकसंख्येची एकत्रित बेरीज लिहीत जा. 1 ते 1,29,200 मधला एक आकडा यादृच्छिक काढा, बेरजेत तो आकडा ज्या गावात पडेल तो पहिला समूह. मग दर वेळी 1,29,200 मिळवत पुढे जा. कोल्हापूर शहराच्या वाट्याला चार-पाच समूह येतील, इचलकरंजीच्या वाट्याला दोन-तीन.

गावात गेल्यावर एसटी स्टँडपासून किंवा देवळापासून घरं मोजायला सुरुवात करू नका. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीत एका महसुली गावाच्या कितीतरी वाड्या असतात आणि धनगरवाडे तर डोंगरावर. चौकातून निघालेली टीम तिथवर पोचतच नाही. आशाताईंकडची कुटुंबांची यादी घ्या, वाड्या-वस्त्यांसह पूर्ण आहे का ते तपासा आणि एकूण घरांना 18 ने भागा. 400 घरं असतील तर दर बाविसावं घर. मतदार यादी टाळा. बाहेरून आलेले कामगार तीत नसतात.

घरातला एकच प्रौढ निवडायचा, तोही चिठ्ठी टाकून. दार उघडेल त्याचीच मुलाखत घेतली, तर नमुन्यात म्हाताऱ्या आणि सुना उरतात. घरात प्रौढ किती आहेत हेही लिहून ठेवा. दहा जणांच्या एकत्र कुटुंबातल्या माणसाची निवड होण्याची शक्यता दोघांच्या घरातल्या माणसापेक्षा कमी असते आणि विश्लेषणात त्याच्या नोंदीला तेवढा भार (जास्त वजन) द्यावा लागतो.

निवडलेला माणूस रानात गेला असेल तर शेजारचं घर घेऊ नका. तीन वेळा जा, त्यातली एक खेप संध्याकाळी सातनंतरची. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असताना पुरुष भल्या पहाटेच बाहेर पडतात आणि यंत्रमाग कामगारांना पाळी बघूनच गाठावं लागतं.

थंडीत रक्तदाब थोडा चढतो. डिसेंबरात चंदगड-आजरा आणि एप्रिलमध्ये शिरोळ उरकलं, तर दिसलेला फरक तालुक्याचा की ऋतूचा हे कळणार नाही. दर महिन्यात डोंगरी आणि सपाट दोन्ही भागांतले समूह घ्या. जून ते सप्टेंबर मोकळा सोडा. पंचगंगेला पूर आला की निम्मे रस्ते बंद.

रक्तदाब मोजणं

इथे घाई केलीत तर बाकीची मेहनत पाण्यात. दंडावर बांधायचं प्रमाणित डिजिटल यंत्र घ्या, मनगटावरचं नको. टेपने दंडाचा घेर मोजा: 22 ते 32 सेंमीला नेहमीचा पट्टा, त्यापुढे मोठा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा खोटा चढतो.

आपल्याकडची पहिली अडचण म्हणजे चहा. कोल्हापूरकर आल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत आणि सोबत घरातलेही घेतात. मोजण्याआधी 30 मिनिटं चहा, तंबाखू, विडी काही नको. म्हणून दारातच सांगा, “काकू, चहा घेतो, पण बीपी झाल्यावर.” आधीच घेतला असेल तर प्रश्नावली अगोदर भरा आणि मोजमाप शेवटी करा.

लघवीला जाऊन यायला सांगा. मग पाच मिनिटं शांत बसवा. टीव्ही बंद, बोलणं बंद. घरात पाठ टेकायची खुर्ची असेलच असं नाही, म्हणून घडीची खुर्ची गाडीत ठेवा. मांडी नको, पायावर पाय नको, तळवे जमिनीला. हात हृदयाच्या पातळीला टेकलेला हवा. तो 10 सेंमी खाली राहिला तर आकडा सात-आठने वाढतो आणि मांडीवर ठेवलेला हात त्याहूनही खाली असतो. ब्लाउजची घट्ट बाही वर सारली की दंड आवळला जातो. पातळ बाही असेल तर तिच्यावरूनच पट्टा बांधा आणि तशी नोंद करा. टीममध्ये एक तरी बाई असायलाच हवी.

तीन वेळा मोजा, मध्ये तीन मिनिटं सोडा. पहिलं मोजमाप बाजूला ठेवून उरलेल्या दोघांची सरासरी घ्या. यंत्राचं घड्याळ रोज सकाळी लावा आणि रात्री यंत्राच्या मेमरीतले आकडे फॉर्मशी ताडून बघा. एखाद्याच्या फॉर्मवर ओळीने 120/80, 130/80 दिसू लागले, तर ते आकडे घरात मोजलेले नाहीत. त्याला बोलण्याआधी त्याच्या वाट्याची घरं मोजा. बहुधा एका दिवसाला वीस-वीस दिलेली असतात, आणि दोघांच्या टीमकडून नीट होतात ती नऊ-दहा.

प्रश्न विचारणं

“काही व्यसन आहे का?” असं विचारलं की “नाही” हेच उत्तर येतं. बायका मशेरीला व्यसन मानत नाहीत, तंबाखूतही धरत नाहीत. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा: “मावशी, मशेरी लावता का? दिवसातनं किती वेळा?” मग तंबाखू-चुन्याचा बार, मावा, गुटखा, विडी, सिगारेट. त्या वेळी सासू किंवा आशाताई शेजारी नको.

गोळीचंही तसंच. “गोळी चालू आहे” एवढ्यावर थांबू नका, पाकीट बघायला मागा. पुष्कळदा ती पित्ताची किंवा साखरेची निघते. मग गेल्या सात दिवसांत किती दिवस घेतली ते विचारा.

सापडलेल्यांचं काय

हेही मंजुरीआधीच ठरलेलं असावं. 180/110 किंवा त्याहून जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं असेल तर 108 ला फोन. 140/90 च्या पुढच्यांना चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. “तुम्हाला बीपी आहे” असं मात्र सांगू नका, एका भेटीत निदान होत नाही. प्रत्येकाला त्याचे आकडे कागदावर लिहून द्या.

नावं आणि फोन नंबर वेगळ्या फाइलमध्ये कुलुपात, विश्लेषणाच्या फाइलमध्ये फक्त क्रमांक. विश्लेषण करताना समूह पद्धत आणि भार दोन्ही सॉफ्टवेअरला सांगा, नाहीतर विश्वासांतर (खरं प्रमाण ज्या दोन आकड्यांमध्ये असावं तो पट्टा) आहे त्यापेक्षा अरुंद दिसतं.

अहवाल झाला की वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला भेटा. सरपंच हमखास विचारतात, “आमच्या गावात किती टक्के?” त्याचं उत्तर देऊ नका. अठरापैकी नऊ जणांचा रक्तदाब जास्त निघाला म्हणून गावाचं प्रमाण 50 टक्के होत नाही. हा नमुना जिल्ह्यासाठी काढलेला आहे. जिल्ह्याचा आकडा सांगा, आणि तुम्ही चिठ्ठी दिलेल्यांपैकी किती जण केंद्रात पोचले ते केंद्राच्या रजिस्टरवरून बघून सांगा.