बाइकला यूएसबी पोर्ट जोडताय? या चुका टाळा

हँडलवर यूएसबी पोर्ट बसवायचा म्हणजे दोन वायरी जोडायच्या, असा सर्वसाधारण समज आहे. वायरी दोनच असतात हे खरं. पण त्यातली एक थेट बॅटरीवरून निघते, टाकीखालून, तापलेल्या इंजिनाच्या वरून जाते आणि हँडलबरोबर दिवसभर डावी-उजवी वळत पोर्टापर्यंत पोचते. पोर्ट बिघडला तर मोबाइल चार्ज होणार नाही, एवढंच. वायर बिघडली तर बाइक पेटू शकते. तरीही मला प्रश्न येतात ते पोर्टाबद्दलच: कुठला घेऊ, किती वॉटचा घेऊ, व्होल्टमीटरवाला घेऊ का. वायर कुठून नेऊ आणि फ्यूज कुठे टाकू, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

फ्यूज नाही, किंवा आहे पण चुकीच्या टोकाला

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो आणि हिचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. “पोर्ट दोन अँपिअरचा, त्याला कशाला फ्यूज?” हे ठरलेलं वाक्य. फ्यूज पोर्टासाठी नसतोच, तो वायरसाठी असतो. सगळं नीट चालू असताना किती करंट वाहायचा हे पोर्ट ठरवतो. वायरचं प्लास्टिक घासून तांबं चॅसीला टेकलं, की पोर्टाचा संबंध संपतो. मग करंट बॅटरी ठरवते. जी बॅटरी स्टार्टर मोटर फिरवते, ती ५ अँपिअर-तासांची छोटीशी असली तरी शॉर्टमध्ये ५० अँपिअरच्या वर सहज देते. पोर्टाबरोबर आलेली बारीक वायर त्यात काही सेकंदांत लाल होते. बाइकचा मुख्य फ्यूज इथे वाचवत नाही, कारण तुम्ही जोड त्याच्या आधीच, बॅटरीच्या खांबावर, म्हणजे टर्मिनलवर, घेतलेला असतो.

एका मुलाची बाइक आली होती. तक्रार अशी, की हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की टाकीखालून धूर येतो. पोर्ट मित्राने बसवलेला, त्यात फ्यूजही होता. पण तो होता हेडलाइटच्या आत, पोर्टापासून वीतभर अंतरावर. “तिथे हात पोचतो, बदलायला सोपं जातं” म्हणून तिथे ठेवलेला. मुलाने तो फ्यूज काढून दाखवला: बघा, शाबूत आहे, म्हणजे वायरिंग ठीक आहे. मी टाकी उतरवली. बॅटरीवरून आलेली लाल वायर चॅसीच्या गळ्यापाशी, जिथे हँडल फिरतं तिथे, घट्ट टायने बांधली होती, आणि हँडल टोकाला गेलं की ती स्टॉपर आणि चॅसीच्या मधे चिमटत होती. रोज थोडी थोडी कापली जात शेवटी तांबं लोखंडाला लागलं. तिथपासून मागे बॅटरीपर्यंत प्लास्टिक पूर्ण वितळून शेजारच्या हार्नेसमध्ये, म्हणजे बाइकच्या मूळ वायरींच्या जुडग्यात, शिरलं होतं. इंडिकेटर, इग्निशन, हॉर्न, सगळ्या वायरी एकमेकींना चिकटलेल्या. पेट्रोलची नळी तिथून चार बोटांवर होती. बाइक पेटली नाही, कारण बॅटरीजवळ ती वायर स्वतःच जळून तुटली. पूर्ण हार्नेस बदलावा लागला. फ्यूज शाबूत राहिला, कारण शॉर्ट झाला तो बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या वायरमध्ये, आणि तो सगळा करंट फ्यूजमधून गेलाच नाही.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ, एका वितीच्या आत. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधे जितकी वायर, तितकी वायर उघड्यावर, हे लक्षात ठेवा. माझी सवय अशी: होल्डर सगळ्यात आधी बसवतो, पण त्यात फ्यूज टाकतो सगळ्यात शेवटी, सगळे जोड झाकून झाल्यावर. तोवर पूर्ण वायर मेलेली असते आणि काम शांतपणे करता येतं.

किती अँपिअरचा? १८ वॉटचा एक पोर्ट पूर्ण जोरात चालला तर १२ व्होल्टच्या बाजूने, वाया जाणारी वीज धरून, पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो. दोन पोर्ट असले तर साडेतीन. म्हणजे ५ अँपिअरचा, फिकट बदामी रंगाचा पातीचा फ्यूज पुरतो. वायर ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची घ्या. ५ चा नाही मिळाला म्हणून १५ चा निळा टाकू नका. बारीक वायरला त्याचा उपयोग नाही. आणि फ्यूज उडाला तर तो का उडाला ते शोधा. त्यावर चांदीचा कागद गुंडाळणाऱ्याने किंवा तारेचा तुकडा टाकणाऱ्याने या कामाला हात लावू नये, हे माझं ठाम मत आहे.

समोर दिसेल त्या वायरवरून पुरवठा घेणं

घाई असलेला माणूस हेडलाइट उघडतो आणि तिच्याच वायरीत जोड मारतो. काही छोट्या आणि जुन्या बाइकांमध्ये हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. तिला मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, कॉइलमधून थेट एसी पुरवठा येतो. पोर्टाला हवा असतो डीसी. एसीवर जोडलेला पोर्ट बहुधा फार दिवस टिकत नाही, आणि दोष कंपनीला दिला जातो. इंजिन बंद असताना फक्त चावी लावून हेडलाइट लागत नसेल तर शंका घ्या, इंजिन चालू करा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून तपासा.

दुसरी आवडती जागा म्हणजे हॉर्न. तिथे दोन टर्मिनल आयती मिळतात, म्हणून पोर्टाच्या दोन वायरी त्या दोन टर्मिनलांवर चढवल्या जातात. मग हॉर्न दाबला तरच चार्जिंग होतं आणि विचारणा येते, की पोर्ट खराब आहे का. बऱ्याच बाइकांत हॉर्नला पॉझिटिव्ह कायम मिळत असतो आणि बटण निगेटिव्ह जोडतं. तिथली पॉझिटिव्ह बाजू वापरता येते, पण निगेटिव्ह दुसरीकडूनच आणावी लागते.

ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), फ्युएल पंप, एबीएस (ब्रेक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि सेन्सर यांच्या वायरींना हात लावायचा नाही. इथे चर्चा नको.

वायरच्या रंगावरही विश्वास ठेवू नका. काळी म्हणजे निगेटिव्ह, हे घरून शिकून आलेले लोक होंडाच्या बाइकपाशी फसतात: तिथे बहुतेक मॉडेलांत अर्थची (निगेटिव्हची) वायर हिरवी असते आणि काळी वायर चावीनंतरचा, म्हणजे चावी लावल्यावरच जिवंत होणारा, पॉझिटिव्ह असते. यामाहात काळी खरोखरच अर्थ असते. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, त्यामुळे मीटर लावल्याशिवाय एकही वायर सोलायची नाही. साधा मल्टिमीटर नसेल तर आधी तो घ्या, पोर्ट नंतर. आणि करंट मोजून झाला की लाल पिन अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घाला. ती तशीच विसरून बॅटरीवर टेकवली तर मीटरमधूनच शॉर्ट होतो.

बॅटरीवर थेट जोडून मोकळं होणं

फ्यूज जागेवर असेल तर यात आग लागणार नाही, पण बाइक सकाळी चालू होणार नाही. पोर्टाच्या आतलं सर्किट मोबाइल लावलेला नसतानाही थोडा करंट खातं, आणि निळा दिवा किंवा व्होल्टमीटर असेल तर जास्तच. समजा २० मिलिअँपिअर. दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास गेला. ५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवस बाइक उभी राहिल्यावर अर्धी रिकामी होते, आणि थोडी जुनी असेल तर स्टार्टर त्याच्याही आधी नकार देतो. लेड-ॲसिड बॅटरी अशी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि पुन्हा चार्ज करूनही पहिली ताकद येत नाही.

मी रिले टाकतो, म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार पायांचा साधा रिले: ३० वर फ्यूजमधून आलेली बॅटरी, ८७ वरून पोर्ट, ८६ वर चावी लावल्यावर जिवंत होणारी एखादी वायर, ८५ अर्थला. रिलेची कॉइल १५० मिलिअँपिअरच्या आसपास घेते, त्यामुळे बाइकच्या मूळ वायरवर ओझं पडत नाही. ८६ साठी मी मागच्या ब्रेकच्या स्विचला येणारा पॉझिटिव्ह घेतो, कारण तो सहज सापडतो आणि बहुतेक बाइकांत चावीनंतरचा असतो; तरी मीटर लावून खात्री करतोच. “एवढ्याशा पोर्टाला रिले जास्त होतो” असं म्हणणारे बरेच आहेत. एकाच कमी वॉटच्या पोर्टाला चावीनंतरच्या फ्यूजमागून थेट जोडलं तरी चालतं, हे मान्य. पण उद्या त्याच जागी जास्त वॉटचा पोर्ट येतो, परवा फॉग लाइट, आणि त्या वेळी कुणी वायरिंग पुन्हा उघडत नाही.

पीळ द्या, टेप मारा

फ्यूजनंतर मला छळणारी गोष्ट हीच. दोन वायरी सोलल्या, बोटांनी पीळ दिला, वर काळी टेप. घरातल्या भिंतीवरही हे करू नये, आणि इथे तर इंजिनाचं कंपन आहे, उष्णता आहे, पाऊस आहे. टेपचा गोंद उष्णतेने पातळ होतो, टेप सरकते, पीळ सैल होतो. सैल जोडाला रोध जास्त, म्हणून तो तापतो. तापला की तांबं काळं पडतं आणि रोध आणखी वाढतो. असे जोड उघडताना कित्येकदा टेप हाताला चिकटते आणि आतले तंतू हिरवे पडलेले निघतात.

दाबून लावायचे ते चिमट्यासारखे टॅप कनेक्टरही मला नकोत. त्यांचं पातं मूळ वायरचं प्लास्टिक कापून आत शिरतं, सोबत दोन-चार तंतू कापतं, आणि त्याच चिरेतून पाणी जातं. दोष दिसतो काही महिन्यांनी आणि तोही पोर्टात नाही, बाइकच्या मूळ वायरिंगमध्ये. तिथे तो शोधणं फार वेळखाऊ काम आहे.

लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी) किंवा जोडनळी योग्य क्रिंपिंग पक्कडीने दाबायची, मग ओढून बघायची. जोरात ओढायची. सुटली तर आत्ता सुटू दे. वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी, आणि ती वायर जोडण्याआधी वायरवर चढवून ठेवायची. हे विसरणारे आठवण झाल्यावर जोड तोडत नाहीत, टेप मारतात. सोल्डरिंगची आवड असलेल्यांचा राग ओढवून सांगतो: सोल्डर वायरच्या तंतूंमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि कंपनाने नेमका त्याच्या कडेला तुटतो. करायचंच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून आधार द्या.

बाकीच्या, थोडक्यात

बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पाना पॉझिटिव्हवरून चॅसीला टेकला तर ठिणगी हातातच उडते.

पोर्टाची लग मूळ जाड केबलच्या खाली घालू नका. खांबाला टेकून जाड केबल, तिच्यावर तुमची लग, मग बोल्ट.

निगेटिव्ह रंगवलेल्या बोल्टवर दिला की पोर्ट कधी चालतो, कधी नाही. मी निगेटिव्हही बॅटरीपर्यंतच नेतो. वायर थोडी जास्त लागते, डोकेदुखी कमी होते.

एकाच जाड तारेची घरगुती वायर बाइकवर वापरू नका, कंपनाने तुटते. बारीक तंतूंची लवचीक वायरच हवी.

वायर सायलेन्सर आणि इंजिनाच्या डोक्यापासून लांब, ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबलमध्ये न गुंतणारी. गळ्यापाशी सैल वळण ठेवून स्लीव्हमधून न्यायची, आणि तिथे टाय घट्ट ओढायचा नाही.

पोर्टाचं तोंड आकाशाकडे ठेवू नका. खोक्यावरचं वॉटरप्रूफ हे टोपण बंद असतानाचं आहे; मोबाइलची केबल लावली की टोपण उघडंच राहतं. ओल्या पोर्टात वीज असेल तर पिना फार लवकर गंजतात. बाइक धुताना प्रेशरचा फवारा तिकडे मारू नका.

कडक उन्हात हँडलवर वेगवान चार्जिंग लावलं की मोबाइल तापून स्वतःच चार्जिंग थांबवतो. हा वायरिंगचा दोष नाही, उगाच जोड उघडू नका. मोबाइल हँडलवर लावणार असाल तर कंपन शोषणारा होल्डर घ्या. जास्त शक्तीच्या इंजिनाच्या कंपनाने कॅमेरा बिघडू शकतो असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये आयफोनबद्दल दिला होता.

टाकी आणि सीट बसवण्याआधी

इथे सगळेच घाई करतात, कारण पोर्टाचा दिवा लागलेला असतो आणि मोबाइलवर चार्जिंगची खूण आलेली असते. थांबा. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवा आणि वायरीकडे डोळे लावून बघा: कुठे ताणते, कुठे चिमटते. इंजिन चालू करून थोडं रेज द्या. बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर जात असतील तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडलेला आहे. आधी तो बदला, नाहीतर नवा पोर्ट आणि बॅटरी दोन्ही जातील. मग चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा आणि सुटलेली केबल व खांब यांच्या मधे मीटर अँपिअरवर, १० अँपिअरच्या भोकात पिन घालून लावा. घड्याळ किंवा अलार्म असलेल्या बाइकमध्ये थोडा करंट दिसेलच. तो लिहून ठेवा, मग पोर्टाचा फ्यूज काढून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर चावी बंद असताना पोर्ट काही खात नाही. मीटर असा मधे लावलेला असताना चुकूनही स्टार्टर दाबू नका, मीटरच्या आतला फ्यूज किंवा मीटरच जाईल.

महिनाभर बाइक चालवून झाल्यावर सीट काढून एकदा टाय आणि बॅटरीचे बोल्ट तपासा. गळ्यापाशी स्लीव्हवर चकाकी आली असेल तर वायर तिथे घासते आहे. तिची वाट बदला, वर टेप गुंडाळू नका.