मांजरानं अळणी प्यायलं, आता काय करायचं?

रविवारी कोल्हापुरात घराघरांत मटण शिजतं आणि रात्री मला गल्लीतून फोन येतात, मांजर उलट्या काढतंय म्हणून. मी आधी विचारते, काय खाल्लं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "काही नाही वहिनी, नुसतं अळणी दिलं." अळणी म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. तिखट नाही म्हणजे सोसेल, असं वाटतं. पण अळणी काढताना मटणात कांदा आणि आलं-लसूण घालतोच ना आपण! मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कांदा-लसणानं फुटतात. शिजवून, वाळवून तो दोष जात नाही. वजनाच्या किलोमागे ५ ग्रॅम कांदाही बाधू शकतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम. लसूण त्याहून कडक, आणि कांदा-लसूण चटणी वाळवलेली, म्हणून ती त्याहूनही कमी पुरते.

यात फसगत अशी की आजची उलटी उद्या थांबते आणि रक्ताचा त्रास दोन-चार दिवसांनी दिसतो. म्हणून पोट बरं झालं तरी पुढचा आठवडाभर रोज ओठ उचलून हिरड्या बघा. फिकट किंवा पिवळसर दिसल्या, लघवी तांबूस झाली, धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. भरपूर खाल्लेलं नुकतंच कळलं असेल तर उलटीचीही वाट बघू नका, तासाभरात न्या. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढू नका, त्या मिठानंच जीव जाऊ शकतो.

दूध-चपातीचं दुखणं त्यामानानं साधं. मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही, जुलाब होतात, दूध बंद केलं की थांबतात. तर्रीतल्या तेला-चरबीनंही पोट बिघडू शकतं.

एक-दोन उलट्या झाल्या पण मांजर तरतरीत आहे, तर मोठ्या मांजराचं खाणं चार-पाच तास थांबवा. पाणी थांबवू नका, चमचा-दोन चमचे करून पुन्हा पुन्हा ठेवा. मग चिकनचा छातीचा तुकडा नुसत्या पाण्यात उकडून, मीठ-हळदही न घालता, बारीक तोडून चमचाभर द्या. पोटात राहिलं तर तीन-चार तासांनी पुन्हा. दोन दिवसांनी नेहमीच्या खाण्यात मिसळत जा. पिल्लाला उपाशी ठेवायचंच नाही. मोठं मांजरही पूर्ण दिवस उपाशी राहिलं तर डॉक्टरांना विचारा. लठ्ठ बोक्यांच्या तर यकृतावर चरबी चढते आणि ते दुखणं फार वाईट.

घरातल्या गोळ्या नकोतच. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आजी-आजोबांना आधी.

उलट्या थांबत नसतील, रक्त पडलं, शी डांबरासारखी काळी झाली, पाणी पोटात राहत नाही, कोपऱ्यात लपून बसलंय, हाड गिळलंय, तर रात्र काढू नका. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतडं चिरतं. जाताना काय खाल्लं, किती वाजता, हे लिहून न्या आणि मसाल्याच्या पुडीचा फोटो घ्या.

पुढच्या रविवारी मटण धुतलं की मांजरासाठी मटणाचे चार तुकडे आधीच वेगळ्या पातेल्यात उकडायला टाका. आमच्या बंड्याचं मी असंच करते, आणि रश्श्याची भांडी रात्री सिंकमध्ये उघडी ठेवत नाही.