रुखवताच्या यादीत नसलेली तयारी

साड्यांची यादी, मानपानाची यादी, रुखवताची यादी, सगळ्या वह्या भरलेल्या असतात. पहिल्या रात्रीबद्दल मात्र नवरीच्या कानावर एवढंच पडतं, 'होईल सगळं आपोआप.' आपोआप काही होत नाही गं. ही यादी लग्नाला दोन-तीन महिने असतानाच वाच.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठ. लगेच मूल नको असेल तर काय वापरायचं ते त्यांनाच विचार, मैत्रिणीची गोळी आपली म्हणून घेऊ नकोस. नेहमीची गर्भनिरोधक गोळी पाळीच्या पहिल्या 5 दिवसांत सुरू केली तर लगेच उपयोगी पडते. उशिरा सुरू केलीस तर पुढचे 7 दिवस निरोधही हवा. सत्यनारायणासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी कुणी ना कुणी सुचवणारच. तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घे, आणि तिने गर्भ राहायचा थांबत नाही हे लक्षात ठेव.

मग नवऱ्याशी बोल. लग्न ठरल्यापासून फोनवर तासतास गप्पा चालतात, त्यात हेही एकदा येऊ दे. तुला कसली भीती वाटते, त्याला कसली वाटते (त्यालाही वाटते, मित्रांनी डोकं भरवलेलं असतं), आणि मुख्य म्हणजे त्या रात्री काही झालंच पाहिजे असं नाही, हे दोघांनी आधीच ठरवून टाका. इंदुरात वऱ्हाड रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खाऊन बारा-एकला परततं, बैठकीत गाद्या पसरलेल्या असतात, शेजारच्या खोलीत आत्याबाई खोकत असतात. अशा घरात नुसतं झोपून गेलात तरी बिघडलं कुठे? सासरी गर्दी फार असेल तर दोन दिवस बाहेर जाईपर्यंत थांबा. 'आज नको' हे लग्नानंतरही म्हणता येतं, आणि ते ऐकणं त्याचं काम आहे.

खरेदी थोडीच आहे. निरोध आणि पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट जेली. कॉलनीतल्या मेडिकलवाल्या काकांची लाज वाटत असेल तर नवऱ्याला दवा बाजारात पाठव, तिथे कोणी वर मान करून बघत नाही. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन निरोधाबरोबर चालत नाही, त्याने लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं. वॅक्सिंग करायचंच असेल तर तीन-चार दिवस आधी. त्याच दिवशी केलंस तर कातडी चुरचुरेल. सुगंधी वॉश आत वापरू नकोस, बाहेरून साधं पाणी पुरतं.

रात्री खोलीत गेल्यावर कडी स्वतः लावून बघ. जुन्या घरांत ती अर्धीच बसते. मग अंबाडा सोड. त्यात किती पिना खोचल्यात ते पार्लरवालीलाही ठाऊक नसतं, त्या त्याला काढायला लाव, हात थरथरायचे थांबतात. हिरवा चुडा काढायची घरात पद्धत नसेल तर त्यावर ओढणी गुंडाळ, काच फुटून मनगटात रुतते.

पुढे घाई नको. अंग सैल झालं, मन रमलं की ओलावा आपसूक येतो, आणि दुखणं बरंचसं त्यावर अवलंबून असतं. जेली सढळ हाताने वापर, कमरेखाली उशी घे, वेग तू सांग. थोडं ताणल्यासारखं वाटेल. कळ आली तर थांब. प्रत्येक वेळी अंग आखडून आत काही जाऊच देत नसेल तर तो तुझा हट्ट नाही, त्याला उपचार आहेत. डॉक्टरांकडे जा.

रक्ताचं एकदाचं मिटवून टाकू. योनिपटल (योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा) प्रत्येकीचं वेगळं असतं, कित्येकींना पहिल्या वेळी थेंबही येत नाही. त्यावरून कौमार्य कळत नाही. बलात्कारपीडितांची 'टू-फिंगर' (योनीत दोन बोटं घालून करायची) तपासणी अवैज्ञानिक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येही बजावलं, तर सासूबाईंनी चादर बघून काय ठरवायचं? मात्र रक्त थांबतच नसेल तर तडक दवाखाना.

नंतर उठून लघवीला जा, कितीही झोप आली तरी. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटीमीटरचा, जंतू पटकन वर चढतात. नव्या नवरीला उन्हाळी लागते ती बरेचदा यानेच. उशाशी पाण्याची बाटली ठेव. जळजळ, सारखी लघवी, ताप असं काही झालं तर सब्जा पीत दिवस काढू नकोस, लघवी तपासून घे. निरोध फाटला तर आपत्कालीन गोळी 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, आणि ती रोजची सवय करायची नाही.