गड उतरायच्या आदल्या दिवशी मांड्यांना शेक: कधी, किती आणि कसा

राजगड किंवा कळसूबाई करून आलं की दुसऱ्या दिवशी काय होतं ते ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, जिना कसाबसा चढता येतो पण उतरताना कठडा सोडवत नाही आणि खाली बसलं की उठताना मांड्या बोंब मारतात. मग आपण गरम पाण्याची पिशवी शोधतो. मी आता तीच पिशवी ट्रेकच्या आदल्या दिवशी काढते, आणि ती तेव्हाच का काढायची हे नीट कळलं तर तुम्हीही काढाल म्हणून लिहितेय.

आधी एक गोष्ट, मांड्या भरून येतात त्या मुख्यतः चढामुळे नाही, उतारामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो, म्हणजे तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो, यात तंतूंना बारीक बारीक इजा होते, मग आतून सूज येते आणि दुखणं एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त होतं. लॅक्टिक अॅसिड साठलं म्हणून दुखतं असं जिममध्ये अजून सांगतात ते खरं नाही, ते तास-दोन तासांत रक्तातून निघून गेलेलं असतं.

आता उष्णतेचा काय संबंध? १९६२ मध्ये इटलीत फेरुच्चो रितोसा या शास्त्रज्ञांनी फळमाश्यांवर काम करताना एक पाहिलं, तापमान वाढलं की त्यांच्या लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवर नवीन ठिकाणी फुगवटे येतात, म्हणजे पेशी काहीतरी वेगळं बनवायला लागते. ती पुढे सापडलेली हीट शॉक प्रोटीन्स, आणि ती आपल्या स्नायूंतही असतात. ही प्रोटीन्स पेशीतली बिघडलेली प्रोटीन्स परत नीट घडी घालून ठेवतात, काही जण तंतूंच्या सांगाड्याला आधार देतात. म्हणजे आधी थोडा उष्णतेचा ताण दिला की दुरुस्तीची माणसं कामाच्या आधीच हजर.

पण ही माणसं यायला वेळ लागतो, आणि सगळी गंमत इथेच आहे. ऑस्ट्रेलियात केन नोसाका आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रयोग छापला, व्यायामाच्या एक दिवस आधी दंडाला २० मिनिटं मायक्रोवेव्ह डायथर्मी (लहरींनी स्नायू आतून गरम करायचा फिजिओथेरपीतला उपचार) देऊन स्नायूचं तापमान ४० अंशांच्या वर नेलं, आणि त्या हाताची ताकद लवकर परत आली, दुखलंही कमी. त्याआधी त्यांनीच व्यायामाच्या लगेच आधी स्नायू गरम करून पाहिला होता, त्याचा असा फायदा दिसला नव्हता. म्हणून पहाटे गाडीत बसायच्या आधी शेकून उपयोग नाही (वॉर्मअप करा, पण ती वेगळी गोष्ट), रविवारी गड असेल तर शेक शनिवारी सकाळीच.

घरी डायथर्मी नसते, आणि पिशवीची उष्णता त्वचेखालच्या चरबीतून तितकी खोल जात नाही, शिवाय रक्त ती वाहून नेतं, त्यामुळे प्रयोगाइतका परिणाम मिळेल असं मी म्हणणार नाही. तरी मी असं करते: इलेक्ट्रिक हीटिंग पॅड मध्यम सेटिंगवर, पातळ टॉवेलात गुंडाळून, मांडीच्या पुढच्या बाजूला ३० मिनिटं, मग दुसरी मांडी, आणि वेळ असेल तर पोटऱ्या. त्वचा गुलाबी झाली तर चालेल, चटका बसायला नको. बादलीत पाय बुडवून फक्त पोटऱ्या शेकल्या जातात, मांड्या कोरड्याच राहतात. मोठा टब असेल तर मांड्या बुडतील इतकं सुमारे ४० अंशांचं पाणी, पण हाताच्या अंदाजावर जाऊ नका, बाळाच्या अंघोळीचा थर्मामीटर मिळतो तो वापरा, आणि उठताना हळू उठा कारण बीपी उतरून चक्कर येऊ शकते. पाणी पीत राहा.

बाम चोळून त्यावर पॅड अजिबात ठेवू नका, भाजतं. पॅड लावून झोपूही नका. डायबेटिसमुळे पायाला संवेदना कमी असेल, हृदयाचा त्रास असेल, गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका, आणि ताजी मुरगळ किंवा सूज असेल तर तिथे शेक नाहीच.

आणि मनापासून सांगते, शेकापेक्षा मोठं संरक्षण उतरण्याचंच आहे. ट्रेकच्या आठ-दहा दिवस आधी सिंहगड एकदा चढून पायीच उतरा, किंवा बिल्डिंगचे जिने लिफ्टने वर जाऊन पायी उतरा, पंधरा-वीस मिनिटं, थोडं दुखेल इतकंच. एकदा असं झालं की स्नायू कित्येक आठवडे लक्षात ठेवतो. ज्यांना हे जमलं नाही, किंवा दोन महिन्यांच्या खंडानंतर एकदम मोठा गड करायचाय, त्यांच्यासाठी शनिवारचा शेक.

एवढं करूनही परत आल्यावर मांड्या खूप सुजल्या, अगदीच ताकद वाटेना आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर ते नेहमीचं पाय भरून येणं नाही, स्नायू फार तुटून किडनीवर ताण येतोय असं असू शकतं, तेव्हा शेकत न बसता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.